पाऊस, कापूस आणि आकडा : हरणाऱ्याचा इतिहास

आजचा एपिसोड जुगाराच्या कायद्यांवर आहे. विषय ऐकून स्किप करू नका, कारण यात अफू आहे, पाऊस आहे, आपल्या हिंगणघाटचा कापूस आहे आणि एक फोन कॉल आहे. फोनपासूनच सुरुवात करतो.

2024 चा जानेवारी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. नाव सांगत नाही, गाव हिंगणघाटच्या जवळ आहे एवढंच. त्यानं कापूस विकला होता आणि चुकारा खात्यात आला होता. कृषी केंद्राची उधारी द्यायची होती, सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. त्याआधी मोबाईलवरच्या रमीत थोडे वाढवून पाहू, असं त्याला वाटलं. वीस दिवसांत दीड लाखाच्या वर गेले. वडिलांना पत्ता नव्हता. तो मला म्हणाला, "अबे, तू सॉफ्टवेअरवाला हायेस ना? मंग सांग, गेलेले पैसे वापस येते का?"

मी बीटेक केलंय. ॲप कसं चालतं हे मी त्याला सांगू शकलो असतो. पैसे परत मिळतात का, हे मात्र मला माहीत नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणालो आणि वाचायला बसलो. वाटलं होतं हो किंवा नाही असं उत्तर मिळेल. ते शोधता शोधता मी 1848 पर्यंत मागे गेलो.

अफूचा भाव

त्या काळी मुंबईतले व्यापारी एका मजेशीर गोष्टीवर पैज लावायचे. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनी अफूचा लिलाव करायची. त्या लिलावात अफूचा सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईत लोक पैसे लावत. भाव ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर याने त्याला फरक द्यायचा, खाली आला तर त्याने याला.

अशाच एका पैजेचं भांडण थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. तिथं 1848 मध्ये निकाल लागला की हिंदुस्थानात पैज बेकायदा नाही, जिंकणारा कोर्टातून वसुली करू शकतो. कंपनी सरकारनं त्याच वर्षी 21 वा कायदा करून हा दरवाजा बंद केला. पैजेचा करार रद्दबातल आणि पैजेच्या पैशासाठी कोर्टात दावा चालणार नाही. पुढे 1872 च्या करार कायद्यात हेच कलम 30 म्हणून आलं. ते आजही लागू आहे.

त्या कलमात एक अपवाद आहे. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायच्या 500 रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी वर्गणी काढली, तर तो करार चालतो. 1872 चे 500 रुपये म्हणजे कोणाची शर्यत, हे तुम्हीच ओळखा.

आणखी एक गंमत पाहा. अफू विकणारं सरकारच होतं. अफू विकणं कायदेशीर, तिच्या भावावर पैज लावणाऱ्याला मात्र कोर्टात जागा नाही. सरकार एका हातानं धंदा करतं आणि दुसऱ्या हातानं बोट दाखवतं, हे पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

माझ्या मित्रासाठी याचा अर्थ साधा होता. जिंकणाऱ्याला कोर्ट वसुली करून देणार नाही. पण हरणाऱ्यानं एकदा पैसे दिले की तेही सहसा परत आणून देणार नाही. ज्याच्या खिशात गेले, त्याचे झाले.

स्टेशनपासून तीन मैल

आता वर्ध्याकडे येऊ. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. सुरुवातीला मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. 1866 मध्ये पालकवाडी गावाच्या जागी आजचं वर्धा शहर वसवलं गेलं. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. आणि त्याच 1867 मध्ये सार्वजनिक जुगार कायदा आला. तो मध्य प्रांतालाही होता, म्हणजे आपल्याला.

हा कायदा वाचताना मी एका ओळीवर अडकलो. कायद्याचा बराचसा भाग सरकारनं अधिसूचना काढली तरच लागू व्हायचा. तो कुठे लागू करता येईल त्याची यादी दिली होती : शहर, गाव, उपनगर, रेल्वे स्टेशन आणि स्टेशनपासून तीन मैलांच्या आतली जागा. बघा, रेल्वे येतेय आणि कायदा तिच्याबरोबर रुळावरून चालत येतोय. इंग्रजांना ठाऊक होतं की जिथं रोख पैसा उतरतो तिथं फड बसतो. हिंगणघाटचा कापूस तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावानं ओळखला जायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 तिकडचा कापूस अडला आणि इकडे भाव पेटले होते. या भागात पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये.

शिक्षा काय होती? अड्डा चालवणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिने. अड्ड्यात सापडलेल्याला 100 रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिना. रस्त्यावर पक्षी किंवा जनावरं झुंजवली तरी शिक्षा. कोंबडबाजारावर धाड पडल्याची बातमी आपल्या पेपरात आजही येते, तिचं मूळ इतकं जुनं आहे. पोळ्याला पत्ते कुटायची रीत तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की हरणाराही इथं गुन्हेगार आहे. पत्ते हातात असताना पोलीस आले तर जिंकणारा आणि हरणारा एकाच रांगेत. घरची थाळी विकून आलेला माणूस आणि ती थाळी जिंकलेला माणूस, दोघांचं कलम एकच. मग हरणारा तक्रार करायला जाईल कशाला?

पावसावर सट्टा

मुंबई इलाख्यात वेगळा कायदा होता, 1887 चा. तो नीट बसतो न बसतो तोच एक भानगड उभी राहिली. मुंबईत पावसावर सट्टा जोरात होता. ठरलेल्या वेळात इतका पाऊस पडेल का, पन्हाळीतून पाणी वाहील का, यावर लोक पैसे लावायचे. पोलिसांनी पकडलं. 1889 मध्ये हायकोर्टानं सांगितलं की हा प्रकार कायद्यातल्या जुगाराच्या व्याख्येत बसत नाही. पत्ते नाहीत, फासे नाहीत, ढगाला जुगाराचं साधन कसं म्हणणार? मग 1890 मध्ये कायदा दुरुस्त करून पैज लावणं हेही जुगारात घालावं लागलं.

आम्ही कोड लिहितो तेव्हा असंच होतं. एक बग बंद केला की युजर दुसरी वाट काढतो. जुगाराला पत्ते लागतच नाहीत. त्याला लागतो फक्त एक आकडा, जो उद्या कळणार आहे आणि आज कोणालाच माहीत नाही.

कापसापासून मटक्यापर्यंत

असा सगळ्यात सोयीचा आकडा कापसानं दिला. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजवरचे कापसाचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत यायचे. त्यांवर पैसे लागायचे. मटक्यातले "ओपन" आणि "क्लोज" हे शब्द तिथून आले. त्याला आकडा लावणं म्हणायचे.

1961 मध्ये न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं. आकडा गेला, पण लावणारे होतेच. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका काढला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या, पुढे पत्त्यांच्या कॅटमधून तीन पानं. समजा 3, 4 आणि 6 निघाले. बेरीज 13, शेवटचा आकडा 3. झाला ओपन तीन. कापूस निघून गेला, ओपन-क्लोज राहिलं.

आपल्याकडे याला सट्टापट्टी म्हणतात. पानठेल्याच्या मागे चिठ्ठी लिहिणारा माणूस आणि त्याच्या वर खायवाल. हिंगणघाट, पुलगावसारख्या गिरणीच्या गावांत वाढलेल्यांना हे सांगायला नको.

गणित करून पाहू. एक आकडा लागला तर एका रुपयाला नऊ मिळतात. आकडे दहा आहेत. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. म्हणजे दर फेरीला सरासरी दहा टक्के खायवालाचे. शंभर रुपये घेऊन बसा आणि हाती आलेले सगळे परत परत लावत राहा. दहा फेऱ्यांनंतर सरासरी 35 च्या आसपास उरतात. नशीब कोणाचंही असो, गणित खायवालाचं आहे. माझ्या मित्राच्या ॲपमध्ये दर डावाला फी कापली जायची. हिशोब तोच, फक्त पानठेल्याच्या जागी चकचकीत स्क्रीन.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. मुंबईत सट्टा लागला पावसावर आणि कापसाच्या भावावर. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी दरवर्षी जूनमध्ये नेमके याच दोन गोष्टींवर सगळं लावतो. बियाणं, खत, मजुरी, बायकोच्या कानातलं. त्याला कोणी जुगारी म्हणत नाही आणि म्हणूही नये, कारण तो पीक काढतो. पण वर्षभर अशा पैजेवर जगणाऱ्या माणसाला मोबाईलवरची पैज फारशी परकी वाटत नाही, हे मला मित्राशी बोलताना कळलं. तो म्हणाला, "पाऊस तरी कुठं माझ्या हातात होता?"

मग परवाना द्यायचा का?

"बंदी कशाला? परवाना द्या, टॅक्स घ्या." हा युक्तिवाद आजचा वाटतो, पण तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. तिथं द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी व्हावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला 12 पण दंड. फासे सरकारी, त्यांचं भाडं सरकारला, जिंकलेल्या रकमेतले पाच टक्के सरकारला. फासे बदलून फसवलं तर शिक्षा.

याच प्रकरणात मला या एपिसोडमधली सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली. फसवणुकीचा वाद आला तर जिंकणाऱ्याला कमी आणि हरणाऱ्याला जास्त दंड करावा, असं आधीचे आचार्य म्हणत. कौटिल्य म्हणतो, हे चालणार नाही. हरलेल्यालाच दुप्पट दंड केला तर राजाकडे तक्रार घेऊन येणार कोण? दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाला हे सुचलं होतं. 1867 च्या कायद्यात साक्ष देणाऱ्या जुगाऱ्याला माफीची सोय होती, पण ती सरकारला साक्षीदार हवा म्हणून. त्याच्या गेलेल्या पैशाचा तिथं कोणी विचार केलेला नाही.

आपल्या राज्यानं परवान्याचे प्रयोग बरेच केले. मुंबईत घोड्यांच्या शर्यतीसाठी 1912 चा परवाना कायदा आहे. रेसकोर्सच्या आवारात पैसे लावले तर चालतं, बाहेर गल्लीत त्याच घोड्यावर लावले तर गुन्हा. 1969 मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्वतःची लॉटरी काढली. राज्य पुनर्रचनेनं 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा 1887 चा कायदाही आपल्याकडे आला. त्यात आज मटक्याचे आकडे छापणं, वाटणं गुन्हा आहे. एकाच चौकात सट्टापट्टी लिहिणाऱ्याला पोलीस नेतात आणि शेजारी सरकारी लॉटरीचं दुकान उघडं असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

1976 ची गोष्ट तर कमाल आहे. त्या वर्षी महाराष्ट्रानं कॅसिनोवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा मंजूर केला. म्हणजे कॅसिनोला वाट मोकळी. पण कायदा लागू करायची अधिसूचना निघालीच नाही. जवळजवळ 47 वर्षं तो कागदावर पडून राहिला. प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी 2023 मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. त्याच 1976 मध्ये गोव्यात जुगारबंदीचा कायदा आला. पुढे 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशीनला परवानगी दिली, 1996 मध्ये जहाजांवरच्या खेळाला. आज मांडवीवर दिवे लागलेली जहाजं दिसतात ती त्यातून आली. ज्यांनी परवानगीचा कायदा केला तिथं एक कॅसिनो नाही, आणि ज्यांनी बंदीचा कायदा केला तिथं नदी भरली.

गोव्याची अजून एक गोष्ट. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जायला मनाई केली गेली. पाहुण्यांनी हरावं, घरच्यांनी नाही. यात सरकारनं आपसूक कबूल केलं की हरण्यानं घर बुडतं. फक्त कोणाचं घर, एवढाच प्रश्न.

कौशल्याची फट

आता मित्राच्या रमीकडे येतो. 1957 मध्ये सुप्रीम कोर्टात चमारबागवाला खटल्याचा निकाल लागला. बंगळूरहून निघणाऱ्या एका पेपरातल्या शब्दकोडी-बक्षीस स्पर्धा मुंबई राज्यात खपायच्या, त्यावर मुंबई सरकारनं परवाना आणि कर लावला होता. सरन्यायाधीश सु. र. दास यांनी निकाल दिला की जुगार हा व्यापारच नाही, त्यामुळे व्यापार-स्वातंत्र्याचा हक्क जुगाराला मागता येत नाही. पण त्याच वेळी एक दार उघडं राहिलं. कौशल्यावर चालणारी स्पर्धा जुगारात धरायची नाही. 1867 च्या कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होतीच.

मग सगळे त्याच दारातून आत आले. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टानं ड्रीम इलेव्हनच्या फँटसी खेळाला. प्रत्येक निकालामागे तर्क आहे, मी तो चुकीचा म्हणत नाही. पण माझ्या मित्रासाठी त्याचा परिणाम काय झाला बघा. खेळ नशिबाचा असेल तर पैजेचा करार रद्दबातल, पण गेलेले पैसे गेलेच. खेळ कौशल्याचा असेल तर तू कौशल्यात कमी पडलास, तुझीच चूक. कोणत्याही वाटेनं गेलं तरी तो हरलेलाच.

ऑक्टोबर 2023 पासून सरकारनं या खेळांत टाकलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लावला. म्हणजे माझ्या मित्राच्या कापसाच्या पैशातला एक वाटा सरकारकडेही गेला. कौटिल्याचा अध्यक्ष पाच टक्के घ्यायचा, पण फासे खरे आहेत की नाही हे स्वतः बघायचा. आपल्याकडे ॲपमधला पत्ते पिसणारा कोड कोणत्या सरकारी अधिकाऱ्यानं तपासला? केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये यासाठी स्वनियामक संस्थांचे नियम काढले होते. त्या संस्था उभ्याच राहिल्या नाहीत.

मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, कंपन्या आणि तिथं काम करणारे माझ्यासारखे इंजिनिअर यांचं म्हणणंही आहे. पण हरणाऱ्याला गुन्हेगारांच्या रांगेतून बाहेर काढलं, ही 1867 नंतरची मोठी गोष्ट आहे.

बंदी पुरेल का?

बंदी म्हणजे काय हे वर्धेकरांना सांगायची गरज नाही. गांधीजींचा जिल्हा म्हणून आपल्याकडे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि वर्धा नदीचा पूल ओलांडला की पलीकडे दुकान आहे. बंदीनं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. गावातल्या बायकांना विचारा, उघड दुकान नसण्याचा फरक त्या सांगतील. पण मोबाईलला नदी नसते. ॲप बंद झालं की परदेशी वेबसाइटची लिंक येते, टेलिग्रामवर कोणीतरी "आयडी" देतो. तिथं पत्ते खरे आहेत की खोटे, हे बघायला तर कोणीच नाही.

म्हणून परवाना की बंदी हा वाद मला आता दुय्यम वाटतो. दोन्हीसाठी प्रश्न एकच विचारावा : हरलेला माणूस उद्या सकाळी कुठे जाईल? परवाना देत असाल तर महिन्याला किती हरता येईल याची मर्यादा घाला, कोड तपासा, "मला बंद करा" म्हणणाऱ्याचं खातं खरंच बंद होऊ द्या. हे करणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, मी स्वतः असे सॉफ्टवेअर लिहिणारा आहे. बंदी करत असाल तर तालुक्याच्या ठिकाणी कर्जाचं आणि व्यसनाचं बोलायला एक माणूस बसवा. आजवर सरकारांनी अफूवर कमावलं, लॉटरीवर कमावलं, जीएसटी घेतला. त्यातून हरणाऱ्यासाठी काय केलं, हे शोधायला गेलो तर माझ्या नोट्समध्ये ते पान जवळजवळ कोरं आहे.

मित्राला मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. पैसे परत येणार नाहीत. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबाले सांगाले येशील का संग?" त्या रविवारी मी बसनं गेलो. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग त्याला एवढंच म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगतला असता त अर्धे वाचले असते."

कायद्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचून मी जिथं पोचलो, तिथं ते एका वाक्यात पोचले. हरणाऱ्याला पहिल्याच दिवशी बोलता आलं पाहिजे.

तुमच्या ओळखीत कोणी असं अडकलं असेल तर हा एपिसोड पाठवण्याआधी त्याला फोन करा. पुढच्या वेळी हिंगणघाटच्या कापूस बाजारावर बोलू. तोवर नमस्कार.